भजन, बंड आणि बंदीवास : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

चिमूरचे नाव घेतले की मराठी वाचकाला दोन गोष्टी आठवतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तिथल्या लोकांनी इंग्रजी अंमल झुगारून दिला ही एक, आणि त्या उठावामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर बरेच लिहिले गेले आहे. दुसरी मात्र प्रत्येक पुस्तकात एका वाक्यात उरकली जाते. भजनांनी प्रेरणा दिली म्हणजे नेमके काय झाले? कोणती भजने, कोणत्या चालीत, कुणापुढे गायली गेली? ऐकणाऱ्याने त्यांतले काय घरी नेले? आणि सरकारला एका खंजिरीवाल्या साधूची इतकी धास्ती का वाटली, की त्याला उचलून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवावे लागले? हे प्रश्न एकदा विचारायला लागले की संकटकाळातील भजनरचनेचे एक अख्खे अभ्यासक्षेत्र समोर उभे राहते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्या क्षेत्राच्या अगदी मध्यावर आहेत.

ही प्रस्तावना त्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिली आहे. त्यात गोंडवाना विद्यापीठात मराठी किंवा इतिहास शिकणारी मुले आहेत, शाळा सांभाळून गावचा इतिहास जमवणारे शिक्षक आहेत, आणि ज्यांना आपण अभ्यासक आहोत असे कधी वाटलेच नाही असे भजनी मंडळातले पेटीवाले, खंजिरीवाले आणि टाळकरीही आहेत. या शेवटच्या मंडळींना मी मुद्दाम आवतण देतो आहे. या विषयातली निम्मी सामग्री त्यांच्या कंठात आणि त्यांच्या घरातल्या वह्यांमध्ये आहे. त्यांच्यावाचून आम्ही ग्रंथालयातले लोक फार पुढे जाऊ शकत नाही.

आधी अडचण सांगतो, कारण तिच्यामुळेच हे क्षेत्र इतकी वर्षे पडीक राहिले. भजनाकडे पाहणारे तीन प्रकारचे लोक आजवर झाले. वाङ्मयाचे समीक्षक भजन छापील पानावर वाचतात, यमके ढोबळ आहेत, शब्द साधे आहेत, ज्ञानेश्वर-तुकारामांची खोली नाही असे म्हणतात आणि पान उलटतात. इतिहासकार भजनात फक्त चिथावणी किंवा देशभक्ती शोधतात आणि ती सापडली की तेवढी ओळ उचलून बाकीचे टाकून देतात. भक्त मंडळी भजन जपतात, रोज गातात, पण त्याची चिकित्सा त्यांना नको असते. तिघांचेही आपापल्या जागी काही चुकत नाही. तरी तिघांच्या हातून एकच गोष्ट निसटते, ती म्हणजे भजन हा गाण्याचा प्रसंग आहे. जागा, वेळ, गाणारा, पुन्हा म्हणणारे, चाल, वाद्य आणि बाहेर चाललेला काळ हे सगळे मिळून भजन होते. माझे या क्षेत्रातले सगळे म्हणणे यातच आले: भजनकाराला त्याच्या प्रसंगापासून तोडून वाचू नका. युद्धाच्या, दुष्काळाच्या, तुरुंगाच्या काळातल्या भजनकाराला तर मुळीच नाही.

सुरुवात तुकडोजी महाराजांपासूनच करू. माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी गरीब घरात जन्मला. शाळा जेमतेम प्राथमिक वर्गांपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा त्याच्यावर जीव जडला आणि त्यांनीच त्याला तुकड्या हे नाव दिले. पुढे प्रत्येक भजनाच्या शेवटी जी 'तुकड्यादास' ही मुद्रा येते ती तिथली. गुरू गेल्यावर तो घर सोडून रानात शिरला. रामटेक, सालबर्डी यांबरोबर त्या भटकंतीत चिमूर परिसरातली रामदेगी आणि गोंदेड्याची गुंफा ही ठिकाणे येतात. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेला हा मुलूख. चंद्रपूर जिल्ह्याशी महाराजांचा संबंध १९४२ मध्ये सुरू झाला असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चिमूरच्या लोकांना ते व्याख्यानाला आलेले पाहुणे कधीच वाटले नाहीत. आपल्या रानात तप केलेला, आपली बोली जाणणारा, आपल्या अंगणात बसून गाणारा माणूस असेच ते त्यांच्याकडे पाहत. गोंदेड्याला आजही तपोभूमी म्हणून यात्रा भरते.

१९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला. अफाट माणूस जमला, आणि या तरुण साधूचे नाव वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांत गेले. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रमाची उभारणी सुरू झाली. पुढच्या वर्षी गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले आणि जवळजवळ महिनाभर ते तिथे राहिले. सेवाग्राम वर्धा जिल्ह्यात, म्हणजे चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) शेजारीच. हा महिना अभ्यासकाने बारकाईने पाहावा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रचना शेजारी ठेवल्या की विषय कसे सरकत गेले ते दिसते. आधी देहाची क्षणभंगुरता, गुरूची कृपा, मनाची शुद्धी. नंतर अस्पृश्यता, दारू, गावाची स्वच्छता, स्वराज्य. आधीचे काही टाकून दिलेले नाही. वैराग्याचीच भाषा गावाच्या प्रश्नांना लावली आहे, आणि माझ्या मते महाराजांची सगळ्यात मोठी वाङ्मयीन करामत हीच.

भाषेचाही प्रश्न इथेच येतो. महाराजांनी मराठीत लिहिले आणि हिंदीतही भरपूर लिहिले. काही समीक्षकांना हिंदी भजने दुय्यम वाटतात. पण ते ज्या प्रांतात वावरले तो मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा दोन भाषांचा प्रांत होता. नागपूर राजधानी, एका बाजूला अमरावती-अकोला, दुसऱ्या बाजूला रायपूर-बिलासपूर. एकट्या चांदा जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया आणि सिरोंच्याकडे तेलुगू. बाजारात, रेल्वेत, कोळशाच्या खाणीवर एकमेकांशी बोलायला हिंदी. अशा ठिकाणी हिंदीत भजन बांधणे म्हणजे जास्तीत जास्त लोकांना मागून म्हणता येईल असे बांधणे. जमावाला मागून म्हणता येणे हीच भजनाची खरी कसोटी, आणि भाषेची निवडही त्याच कसोटीवर तपासली पाहिजे.

आता चालीबद्दल सविस्तर बोलू, कारण नव्या अभ्यासकाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट तीच आहे.

कुठल्याही जुन्या भजनी मंडळाची वही उघडा. मलपृष्ठ सुटलेले, कडा तेलकट झालेल्या, मधली काही पाने दुसऱ्याच हस्ताक्षरात. भजनाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. ते गाणे कधी जुना अभंग असतो, कधी लावणी, कधी नाटकातले पद, कधी त्या वर्षी गाजलेले सिनेमाचे गाणे. छापील भजनावल्यांतही हीच पद्धत आहे. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. गाणारा मात्र आधी तीच पाहतो, कारण त्याला शब्द नंतर लागतात आणि चाल आधी. या एका ओळीवरून भजन साधारण कोणत्या काळातले, कोणत्या वर्गापर्यंत पोचणारे, संथ की उडते, बायका म्हणत होत्या की पुरुष, याचा अंदाज बांधता येतो. संशोधकाच्या हाती इतकी मोलाची खूण दुसरी नाही, आणि संपादित आवृत्त्यांमध्ये नेमकी तीच गाळली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवण्याची ही रीत आपल्यापुरतीच नाही. सतराव्या शतकातल्या जर्मनीत पाउल गेरहार्ट नावाचा ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचे चरित्र या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे. जन्म १६०७ चा. तो अकरा वर्षांचा असताना तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि तो एक्केचाळीस वर्षांचा झाला तेव्हा ते विझले. आईबाप लहानपणीच गेले. १६३७ मध्ये स्वीडिश सैन्याने त्याचे ग्रेफेनहाइनिखेन हे गाव जाळले. चाळिशी उलटून गेल्यावर त्याला पहिली नेमणूक मिळाली. पाच मुलांपैकी चार गेली, मग बायको गेली. ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने धर्मोपदेशकांकडून एका हुकुमावर सही मागितली, ती त्याने नाकारली आणि १६६६ मध्ये बर्लिनमधली जागा गमावली. अशा माणसाने जी स्तोत्रे लिहिली ती आजही जर्मन घरांत म्हटली जातात. त्याचे सगळ्यात प्रसिद्ध स्तोत्र ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाला उद्देशून आहे, आणि त्याची चाल हान्स लेओ हासलर या संगीतकाराच्या एका प्रेमगीताची. पुढे बाखने हीच चाल आपल्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये पुन्हा पुन्हा वापरली. बर्लिनमधला संगीतकार योहान क्र्यूगर याने गेरहार्टची स्तोत्रे चालींसह छापली नसती तर ती अशी पसरली नसती. तुकडोजी महाराजांनी १९४३ मध्ये गुरुकुंजात छापखाना काढला त्यामागेही हीच जाण दिसते. भजन फिरते गाणाऱ्याबरोबर, पण टिकते पुस्तिकेमुळे.

गेरहार्टचा आणखी एक उपयोग आहे. त्याच्या स्तोत्रांत युद्धाचे थेट वर्णन फार थोडे आहे. आहे ती सकाळ, संध्याकाळ, उन्हाळ्यातली बाग, मरणाची भीती आणि भरवसा. म्हणून काही जुन्या टीकाकारांनी त्याला काळापासून अलिप्त ठरवले. पण नाझींच्या कैदेत असताना डीट्रिख बोनहोफर हा धर्मशास्त्रज्ञ तीच स्तोत्रे म्हणत होता आणि त्यांनी आपल्याला धीर दिला असे लिहीत होता. तीनशे वर्षांनी एका कैद्याला त्या शब्दांतले युद्ध बरोबर ऐकू आले. आपल्याकडच्या भजनांनाही ही दृष्टी लावायला हवी. स्वराज्य हा शब्द नसलेले, नुसते मनाला धीर देणारे भजन १९४२ च्या ऑगस्टमध्ये, पोलिसांच्या पहाऱ्याखालच्या गावात, काय अर्थाने म्हटले जात असेल? फक्त राष्ट्रीय भजने वेगळी काढून अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही.

मराठीत या विषयाला दुसरेही एक दार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदांच्या घाटात ख्रिस्ती भक्तिगीते लिहिली, मराठी चर्चमध्ये ती रविवारी म्हटली जातात, आणि त्यांच्या घरातले दारिद्र्य, प्लेग, ताटातूट हे सगळे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. भजनकाराच्या घरात काय चालले होते हे बायकोच्या लेखणीतून कळावे, असे भाग्य फार थोड्या भजनकारांच्या अभ्यासकांना लाभते.

आता चिमूर. १९४२ च्या पूर्वार्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या होत्या, युद्धामुळे महागाई वाढली होती. ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. बातमी रेडिओने आणि तोंडोतोंडी चांद्याच्या रानापर्यंत आली. त्या दिवसांत महाराजांची भजने चिमूरमध्ये गाजत होती. झाडाझुडपांना, दगडधोंड्यांनाही लढ्यात ओढणारे त्यांचे हिंदी भजन तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिले, आणि त्याचे एकाहून अधिक पाठ ऐकायला मिळतात. १६ तारखेला सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी ती अडवली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. त्यानंतर जमाव आवरला नाही. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, पोलीस अधिकारी जरासंध, नायब तहसीलदार सोनवणे आणि एक शिपाई असे चौघे मारले गेले. लोकांनी रस्त्यांवर झाडे आडवी टाकली. तीन दिवस चिमूर स्वतंत्र होते. १९ ऑगस्टला गोऱ्या सैनिकांची तुकडी गावात शिरली आणि मग जे झाले, विशेषतः बायकांवर, ते लिहिताना आजही हात थांबतो. घरे लुटली गेली, पुरुषांना कोंडून ठेवले गेले, गावावर सामुदायिक दंड बसला.

या प्रसंगाशी भजनाचे नाते सांगताना दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही टाळाव्या असे मी सुचवतो. एक वाट सरकारी फायलींची: भजनाने लोक भडकले आणि भडकलेल्यांनी खून केले. दुसरी गौरवाची: भजनाने लोकांत वीरश्री आली आणि पुढचे सगळे पवित्र झाले. गांधीजींच्या आश्रमात राहून आलेल्या, अहिंसा मानणाऱ्या माणसाची भजने ऐकलेल्या गावात चार माणसे मारली गेली, हे अभ्यासकाला झाकता येत नाही. मला जे दिसते ते असे. भजनाने चिमूरला हत्यार दिले नाही, एकत्र उभे राहण्याची सवय दिली. वर्षानुवर्षे संध्याकाळी एका सुरात म्हणणारी, एकाने ओळ टाकताच शंभरांनी उचलणारी माणसे १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्यावर एकत्र निघाली. गोळीबारानंतर जे घडले त्याला प्रभातफेरीतले भजन पुरे पडत नाही. त्याला त्या मुलाचे प्रेत, अनेक वर्षांचा सरकारी जाच आणि जमावाचा संताप अशी कारणे लागतात. भजनाचा वाटा मोठा होता, पण तो एकत्र येण्यातला. यावर मतभेद होऊ शकतात आणि व्हावेत.

२८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. २ डिसेंबरला ते सुटले. ते तुरुंगात असतानाच, नोव्हेंबरमध्ये, सेवाग्रामच्या प्राध्यापक जयकृष्ण भन्साळींनी चिमूरमधल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषण सुरू केले. ते त्रेसष्ट दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला संपले. त्या काळात चिमूरच्या आणि उपोषणाच्या बातम्या छापायला वर्तमानपत्रांना मनाई होती. या एका गोष्टीने आपल्या क्षेत्राचे महत्त्व कितीतरी वाढते. छापखान्यांची तोंडे बंद असताना गावोगाव बातमी कशी पोचली? गाण्यांतून, पोवाड्यांतून, भजनाच्या मध्ये बोललेल्या दोन वाक्यांतून. भजनातली बोलणी, म्हणजे दोन कडव्यांमध्ये खंजिरी थांबवून केलेले निरूपण, कुठेही छापलेले नाही आणि माझ्या मते तेच खरे वर्तमानपत्र होते. ज्यांनी ते ऐकले त्या पिढीतले फार थोडे आज उरले आहेत, पण त्यांच्या मुलांनी आईबापांकडून ऐकलेले अजून मिळते. चिमूर-आष्टी खटल्यात अनेकांना फाशीची शिक्षा झाली होती, ती १९४५ मध्ये रद्द होऊन त्यांचे प्राण वाचले. त्या कुटुंबांकडेही असे पुष्कळ आहे.

तुरुंगानंतरचे महाराज हा वेगळा अध्याय आहे आणि मला तो १९४२ पेक्षाही महत्त्वाचा वाटतो. सामुदायिक प्रार्थनेवर भर, गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा, छापखाना, बंगालच्या दुष्काळात मदत, आणि १९५५ मध्ये 'ग्रामगीता'. एकेचाळीस अध्याय आणि साडेचार हजारांवर ओव्या, सगळे काही गावाला वाहिलेले: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा मान, सण, लग्ने. इथे छंदाकडे पाहा. १९४२ पर्यंत खंजिरीवरचे भजन: उडती लय, छोटी ओळ, जमावाने लगेच उचलायची. १९५५ मध्ये ओवी: संथ, पारायणाची, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी बसून ऐकायची, मध्ये थांबून चर्चा करायची. जमावाचा काळ संपला होता आणि रोजच्या कामाचा काळ आला होता. महाराजांनी हे असे ठरवून केले असेल की नकळत झाले असेल, पण काळाने छंद बदलवला हे ग्रंथच सांगतो. 'राष्ट्रीय भजनावली' आणि 'ग्रामगीता' शेजारी ठेवून वाचण्याचे काम एखाद्या तरुण अभ्यासकाने पीएचडीसाठी घ्यावे.

आणखी एक वळण ध्यानात ठेवण्यासारखे. ज्या खंजिरीसाठी १९४२ मध्ये सरकारने त्यांना कोंडले, तीच खंजिरी घेऊन ते १९५५ मध्ये जपानला जागतिक धर्म परिषदेत गेले आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांत सीमेवर सैनिकांपुढे उभे राहिले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हटले. १९६८ मध्ये मोझरीला त्यांचे देहावसान झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. सत्तेविरुद्धचे गाणे स्वतःचे राज्य आल्यावर कुठे उभे राहते, हा जगभरच्या स्तोत्रकारांना पडलेला प्रश्न आहे. गेरहार्टने आपल्या राज्यकर्त्याला सही दिली नाही, तरी पुढे त्याची स्तोत्रे राजांच्या फौजाही म्हणत गेल्या.

गडचिरोलीकडे वळल्याशिवाय हे क्षेत्र पुरे होत नाही. १९८२ पर्यंत तो चांद्याचाच भाग होता, म्हणून जुन्या कागदांत गडचिरोली शोधायची तर चांद्याच्या नावाखाली शोधावी लागते. उत्तरेकडे, वडसा-आरमोरी-कुरखेड्याच्या झाडीपट्टीत, भजनी मंडळे, दंडार आणि झाडीपट्टीची नाटके एकाच गावात, पुष्कळदा एकाच माणसांच्या जिवावर चालतात. रात्री नाटकात बाप झालेला माणूस संध्याकाळच्या प्रार्थनेत पेटीवर बसलेला असतो. तिथला आवाज, तिथले हेल, तिथल्या चाली वेगळ्या आहेत, आणि महाराजांची भजने तिथे कशी बदलली हे कुणी नोंदवलेले नाही. दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागड-अहेरीकडे, गाणे गोंडी आणि माडियात आहे. रेलाची गाणी, फेर धरून रात्रभर म्हटली जाणारी. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके याच मुलखातून उठले आणि त्याच वर्षी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. त्यांची आठवण गाण्यांतून आणि सांगण्यांतून चालत आली. गेली चाळीसेक वर्षे हा भाग नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये भरडला गेला, आणि चळवळीच्या सांस्कृतिक पथकांनी रेलाच्याच चालींवर आपली गाणी बसवली. पुन्हा तीच रीत: ओळखीची चाल, नवे शब्द. संकटात लोकांनी काय गायले हे विचारणाऱ्या अभ्यासकाने गोंडी शिकावी. निदान गोंडी जाणणाऱ्या सोबत्याशिवाय तिकडे जाऊ नये आणि सोबत्याचे नाव आपल्या नावाबरोबर छापावे.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडे. भजन नोंदवताना आधी पूर्ण गाऊ द्या, मध्ये अडवू नका. गाणे अडवले की गाणारा शब्द आठवून सांगायला लागतो आणि सांगितलेला पाठ गायलेल्या पाठापेक्षा वेगळा निघतो. नंतर विचारा: हे कुणाकडून शिकलात, कुठल्या सणाला म्हणता, चाल कशाची. पाठभेद दुरुस्त करू नका. छापील पुस्तकाशी जुळत नाही म्हणून गावचा पाठ चुकीचा ठरत नाही. 'तुकड्यादास' ही मुद्रा असलेले प्रत्येक भजन महाराजांचेच असते असेही नाही, कारण मुद्रा जोडणे सोपे असते आणि लोक ती प्रेमाने जोडतात. वही मिळाली तर ती घेऊन जाऊ नका, जागेवर छायाचित्रे काढा आणि वही घरात परत ठेवा. बायकांच्या मंडळांकडे वेगळे जा. पुरुषांच्या मंडळात न मिळणारी भजने, विशेषतः १९ ऑगस्टनंतरच्या दिवसांबद्दलची, त्यांच्याकडे असू शकतात, आणि ती त्या तुमच्यापुढे म्हणतील की नाही हे पूर्णपणे त्यांनी ठरवायचे.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर चिमूर, ब्रह्मपुरी आणि नागभीड या तीन तालुक्यांपासून. या तालुक्यांत सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा जुन्या आहेत, दिवेलागणीला प्रार्थना होते आणि वह्या अजून वापरात आहेत. पहिल्या वर्षी अर्थ लावायला बसू नये. एकेका गावची वही, तिच्यातल्या चालींच्या ओळी, आणि ज्या आवाजाने ती म्हटली जाते तो आवाज, एवढे नोंदवून प्रत्येक गावच्या शाळेत एक प्रत ठेवावी. १९४२ च्या भजनांचे जे निरनिराळे पाठ मिळतील ते एकत्र लावण्याचे काम दुसऱ्या वर्षी घेता येईल, आणि त्यासाठी नागपूर व रायपूरच्या तुरुंगांची, तसेच चिमूर खटल्याची जुनी दप्तरे उघडावी लागतील.